दुखतंय हातात, कारण छातीत

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की झिणझिण्या येतात करंगळीला. करंगळीला काहीच लागलेलं नसतं. तिच्याकडून येणारी नस कोपरापाशी हाडाला खेटून, अगदी कातडीखालून जाते. धक्का वाटेत बसला तरी मेंदू तो करंगळीच्याच नावावर मांडतो.

माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने 1930च्या दशकात मेंदूच्या बाजूने हेच दाखवलं. अपस्माराचे रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जागे असत (मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून हे जमतं). उघड्या मेंदूवर एका ठिकाणी सौम्य वीज लावली की रुग्ण सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. अंगठ्याला कुणी शिवलेलंही नसे.

इथवर गंमत आहे. हृदयाच्या बाबतीत ती संपते. हृदयाकडच्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात, साधारण तिथेच डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही शिरतात आणि पुढे दोघींचे निरोप बऱ्याचदा एकाच पेशीवर उतरतात. हाताकडून रोजच खबर येते, हृदयाकडून क्वचित. मग मेंदू कळ हाताची समजतो. कधी जबड्याची, खांद्याची, पाठीची, कधी पोटाच्या वरच्या भागाची.

अशा वेळी आपल्याकडे घरोघरी वैद्य तयार असतात. हात दुखतोय? झोपेत अंगाखाली आला असेल, बाम चोळ. पोटात जळजळतंय? काल लग्नात जेवलास ना, सोडा घे. ढेकर आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ढेकर हा पुरावा नव्हे! ‘कुठे दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका, ‘काय करताना दुखतं’ हेही विचारा. जिना चढताना जबड्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ दाताची असण्याची शक्यता कमीच. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो. ‘दगदग झाली असेल’ म्हणून घरातल्या बाईला झोपायला पाठवणं हा आपला सर्वांत वाईट उपचार.

अशी लक्षणं दिसली तर 108 फिरवा, रुग्णवाहिका मोफत येते. स्वतः स्कूटरवर निघू नका. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढलेलं दिसायला काही तास लागू शकतात.