ताकीद कोणती आणि धाकदपटशा कोणता



गळीत हंगाम सुरू झाला की एक वाक्य आमच्या कानावर रोज पडते. "साहेबानं दम देला." गट ऑफिसात तेच, काट्याच्या रांगेत तेच, पुसदच्या बाजारात चहाच्या टपरीवरही तेच. जरा खोलात जाऊन विचारावे तर कळते की शेतकी मदतनिसाने एवढेच सांगितले होते की लागणीची नोंद उशिरा दिली, सबब तोडही उशिरा येईल. आणि दुसरीकडे कोणी कोणाला खरोखरच घाबरवून गप्प बसवले असले तरी तेही "दम देला" याच खात्यात जमा! एकच माप लावून ऊस आणि पाचट दोन्ही मोजावे तसा हा प्रकार आहे.

वास्तविक मराठीत या बाबतीत शब्दांची टंचाई नाही. सूचना आहे, ताकीद आहे, तंबी आहे. बापाचा धाक असतो, मास्तरांचा वचक असतो, आई पोराला दटावते. यांत वाईट काही नाही. दमदाटी आणि दहशत हे वेगळ्या जातीचे शब्द. आणि एक जुना, भारदस्त शब्द आहे, तो म्हणजे धाकदपटशा. 1860 च्या दंड संहितेत कलम 503 खाली 'क्रिमिनल इंटिमिडेशन' म्हणून जो गुन्हा सांगितला होता, त्याला मराठीत 'फौजदारीपात्र धाकदपटशा' असे नाव दिले गेले. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हा गुन्हा कलम 351 मध्ये गेला.

आम्ही कृषी पदविकेचे माणूस, वकील नव्हे. तरी ते कलम वाचले, आणि साध्या भाषेत त्याचा अर्थ असा लागतो: माणसाच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करीन अशी भीती घालायची, ती त्याला भयभीत करण्यासाठी, किंवा जे करायला तो बांधलेला नाही ते त्याच्याकडून करवून घेण्यासाठी, किंवा जे करायचा त्याला हक्क आहे ते सोडायला लावण्यासाठी. जुन्या कायद्यात उदाहरण दिले होते ते कोर्टातला दावा सोडावा म्हणून घर जाळण्याची धमकी देणाऱ्याचे. आणि 'इजा' म्हणजे बेकायदेशीरपणे केलेली हानी, हेही कायद्यातच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जिवे मारण्याची वा जबर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. या सगळ्यात आवाज चढवला की नाही, टेबलावर हात आपटला की नाही, याचा कुठेही उल्लेख नाही.

म्हणून फड पेटवला तर जळिताची कपात लागेल असे आम्ही मोठ्याने ओरडून सांगितले तरी ती ताकीदच. नियम सर्वांना तोच आहे आणि तो आमच्या मर्जीवर नाही. पण "बिलाचं लई विचारता, पाहू मग तुमच्या तोडीचं," असे कोणी हसत हसत, पान लावता लावता म्हटले, तरी त्याची जात धाकदपटशाची. बिलाची विचारणा हा सभासदाचा हक्क. तोड त्याच्या नोंदीच्या तारखेवर ठरायची. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? कोर्टात ते टिकेल की नाही ते वकिलांनी सांगावे.

ऊसवाल्याला हे लवकर लागते याचे कारणही समजून घेतले पाहिजे. आपल्या भागात कापूसवाला भाव पटला नाही तर माल घरात ठेवून वाट पाहू शकतो. उसाचे तसे नाही. पक्व ऊस मार्च-एप्रिलच्या उन्हात उभा राहिला की वजन घटते, कांड्यांत दशी पडते, खोडव्याला उशीर होतो. आणि तोडलेला ऊस तर दिवसभरात गव्हाणीत पडलेला बरा. बारा महिन्यांची मेहनत वावरात उभी, आणि चावी दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाला काठी दाखवावी लागत नाही. तारखेचे नाव काढले तरी पुरे.

मात्र यात सगळे बोट कारखान्याकडेच नको. टोळी वावरात आली की खुशालीच्या नावाने पैसे मागते आणि "नाही तर कोयते उचलतो" म्हणते, ते काय आहे? स्लिपबॉयला "गावात पाय ठेवून दाखव" म्हणणारे आपलेच सभासद असतात. पगार त्याचा तुटपुंजा, तोडीचा कार्यक्रम त्याने ठरवलेला नाही, आणि शिव्या मात्र त्याला. सर्वांत खाली तोडणी मजूर. उचल फिटल्याशिवाय घरी जाता येणार नाही, असे मुकादम म्हणतो तेव्हा ती बाई कोणाकडे दाद मागणार? वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. पण फडात तो कायदा वाचून दाखवणारा कोणी नसतो. आपल्याच भागातल्या तांड्यांवरून लोक कोयते घेऊन परजिल्ह्यांत जातात, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

आता आमचे स्वतःचे सांगतो. मागे एका हंगामात एक सभासद रात्री काट्यावर आले. दोन खेपांचे वजन कमी आले असे त्यांचे म्हणणे. यार्डात गाड्या खोळंबलेल्या, आम्ही वैतागलेलो. बोलून गेलो, "भाऊ, वजनाचं सोडा, अजून अर्धा फड उभा आहे तुमचा." बस, एवढेच. ते गप्प झाले आणि हंगामभर पुन्हा काही बोलले नाहीत. आम्हांला वाटले, समजूत पटली.

उन्हाळ्यात खोडवा पाहायला त्यांच्याकडे गेलो. चहा देताना घरच्या वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी यायले दम देला."

आम्ही म्हटले, "वहिनी, दम कसला? आम्ही तर साधं बोललो."

"उभ्या फडाचं नाव काढलं ना भाऊ तुमी. मंग आणखी काय पाह्यजे?"

आम्हांला उत्तर सुचले नाही.

आमचे मत असे की तोडीचा क्रम गट ऑफिसच्या फळ्यावर तारखेसह लागावा, क्रम बदलला तर कारण लिहून सही व्हावी, आणि वजनाची तक्रार घेणारा माणूस तोडीच्या कामात नसावा. निदान दोन गोष्टी एका तोंडून निघणार नाहीत. शेतकी विभागातल्या काही सहकाऱ्यांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.

त्या सभासदाच्या दोन्ही पावत्या आम्ही नंतर काढून पाहिल्या. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे रिकामे वजन त्या खेपांना पुन्हा घेतलेच नव्हते, आधीच्या खेपेचा आकडा तसाच उतरवला होता. फरक किती पडला असेल, हे आता काढता येत नाही. तोवर हंगाम बंद होऊन महिना उलटला होता.