ओदिनशी भांडण

गेल्या सप्टेंबरात आमच्या वाङ्मय मंडळाच्या सभेत ‘धर्म आणि आधुनिक मन’ या विषयावर चर्चा चालू होती. बोलता बोलता मी म्हणालो, की युरोप-अमेरिकेत आज अशीही माणसे आहेत, जी थोर, ओदिन, फ्रेया अशा ख्रिस्तपूर्व देवांकडे परत गेली आहेत आणि त्यांतली कित्येक त्या देवाला आपला जिवलग मानून रोज त्याच्याशी बोलतात. सभागृहात हशा पिकला. अध्यक्षस्थानी असलेले सर हसले नाहीत, पण म्हणाले, “हा भरल्या पोटाचा खेळ आहे. ज्या देवाला शेकडो वर्षांत कुणी हाक मारली नाही, त्याच्याशी मैत्री कसली? ती स्वतःशीच मैत्री.” मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मला उत्तरे सुचतात ती नेहमी सभा संपून सतरंज्या गुंडाळताना. म्हणून हा लेख.

प्रथम ही मंडळी कोण ते सांगतो. आइसलंडमध्ये १९७२ साली स्वेनब्यर्न बेन्तेन्सन नावाच्या शेतकरी कवीने काही सोबत्यांसह जुन्या देवांचा एक संघ स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी सरकारने त्याला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. आज त्याचे पाच हजारांहून अधिक सभासद आहेत, आणि आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आतबाहेर आहे हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा काही लहान नव्हे. गंमत अशी, की २००३ पासून संघाची धुरा वाहणारे हिल्मर अर्न हिल्मरसन यांनी २०१५ मध्ये वार्ताहरांना सांगून टाकले, की आठ पायांच्या घोड्यावर फिरणाऱ्या एकाक्ष देवाला कोणी शब्दशः खरे मानत नाही, या कथांकडे आम्ही काव्यरूपके म्हणून पाहतो. आमच्या सरांना हे गृहस्थ आवडले असते.

पण अमेरिकेत, इंग्लंडात त्याच देवांना भजणारे पुष्कळजण रूपकापाशी थांबत नाहीत. घरातल्या एका फळीवर ओदिनची लाकडी मूर्ती, शेजारी पिण्याचे शिंग, त्यात मीड नावाची मधाची दारू. थोडी आपण घ्यायची, थोडी झाडाच्या मुळाशी ओतायची, आणि दिवसभरात काय झाले ते त्याला सांगायचे. अशा देवासाठी त्यांनी जुन्या नॉर्स भाषेतला एक शब्द उचलला आहे: फुल्त्रुई. ज्याच्यावर पुरता भरवसा टाकावा तो. आजच्या आइसलंडिक भाषेत हाच शब्द ‘प्रतिनिधी’ या अर्थाने वापरतात. शब्दांना उतरती कळा आपल्याकडेच लागते असे नाही!

ही मैत्री आजच्या लोकांनी घरी बसून काढलेली नाही. तेराव्या शतकात लिहिलेल्या आइसलंडच्या गाथांत ती जागोजाग भेटते. थोरोल्फ नावाचा नॉर्वेचा एक जमीनदार राजाशी वाकडे आल्यावर आपल्या ‘लाडक्या मित्रा’ला, म्हणजे थोरला, विचारतो, की समेट करू की देश सोडू? कौल मिळतो, आइसलंडला जा. मग हा माणूस थोरचे देऊळ उतरवून त्याची लाकडे जहाजात घालतो आणि देवाच्या बैठकीखालची मातीसुद्धा बरोबर घेतो. ती माती वाचताना मला आमचे गाव आठवले. धरणात गेलेल्या वस्तीतल्या लोकांनी नव्या जागी जाताना अशीच देवळातली माती फडक्यात बांधून नेली होती.

दुसरा थोरहाल्ल शिकारी. इसवी सन १००० च्या सुमारास काही ग्रीनलंडवासी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. अन्न संपले. बरोबरचे सगळे ख्रिस्ताची प्रार्थना करीत बसले, आणि थोरहाल्ल एकटाच कड्यावर जाऊन आकाशाकडे तोंड करून काही पुटपुटत राहिला. नंतर एक देवमासा किनाऱ्याला लागला. तो खाऊन झाल्यावर थोरहाल्ल फुशारकीने म्हणाला, की हे माझ्या फुल्त्रुईने, थोरने, मी त्याच्यावर रचलेल्या कवनाबद्दल दिले. त्याने मला क्वचितच दगा दिला आहे. मांस खाऊन सगळे आजारी पडले होते, आणि हे ऐकल्यावर त्यांनी उरलेले फेकून दिले. गाथा लिहिणारा ख्रिस्ती होता, त्याला थोरची फजितीच दाखवायची होती. पण मला त्या ‘क्वचितच’पाशी थांबावेसे वाटते. थोरहाल्ल ‘कधीच नाही’ म्हणत नाही. जुन्या दोस्ताबद्दल आपण असेच बोलतो.

आणि तिसरा एगिल स्काल्लाग्रिम्सन. त्याची गाथा आमच्या ग्रंथालयात इंग्रजीच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर आहे. शिक्क्यांवरून पाहिले तर माझ्याआधी ती दोनच वेळा बाहेर गेली होती. एगिल दहाव्या शतकातला: योद्धा, खुनी, लोभी, अत्यंत कुरूप आणि आइसलंडच्या थोर कवींपैकी एक. त्याचा देव ओदिन, कवींचा आणि लढाईत पडलेल्यांचा देव. एगिलचा एक मुलगा तापाने गेला. दुसरा, लाडका बोद्वार, लाकूडफाटा घेऊन येताना होडी बुडून मेला. एगिलने स्वतः त्याचे प्रेत शोधले, घोड्यावरून नेले, बापाच्या थडग्यात ठेवले, आणि घरी येऊन झोपायच्या बंदिस्त खणाला आतून कडी लावली. अन्न नाही, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याच्या मुलीला, थोरगेर्दला, बोलावणे धाडले. ती आली आणि मोठ्याने म्हणाली, मीही बापाबरोबर मरणार. एगिलने दार उघडले. आत जाऊन ती काहीतरी चघळू लागली. काय आहे ते? समुद्रशेवाळ, म्हणे जीव लवकर जातो. त्यानेही खाल्ले. ते खारट, त्यामुळे तहान लागली. पाणी मागितले तर शिंगात दूध आले, आणि ते त्याने घटाघटा प्याल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, आपल्याला फसवले. आता मरण लांबलेच आहे, तर बोद्वारसाठी एक कविता तरी कर, मी ती काठीवर कोरते. इतकी शहाणी लेक मराठी नाटकातही फार वेळा भेटत नाही.

ती कविता आजही उपलब्ध आहे. एगिल तीत सांगतो, की भाल्याच्या धन्याशी माझे बरे चालले होते, मी निर्धास्त होतो, आणि त्यानेच मैत्री तोडली. समुद्राशी लढता आले असते तर मी लढलो असतो. ओदिनला मी काही हौसेने बळी देत नाही. आणि मग, अगदी कुरकुरत, तो कबूल करतो, की या मित्राने मला भरपाई मात्र दिली आहे: निर्दोष काव्यकला, आणि छुपा शत्रू उघडा पाडणारे मन. मुलगा परत आलेला नाही, क्षमा मागितलेली नाही, दिलेलीही नाही. कविता पुढे सरकते तसा एगिलच्या अंगात जीव येतो. ती पुरी झाल्यावर तो उठतो आणि आपल्या जागी जाऊन बसतो.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण घरचे आहे. माझा धाकटा काका सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. आजी त्याआधी एकोणीस वर्षे न चुकता वारीला जात होती. त्या आषाढीला ती गेली नाही. देव्हाऱ्यातली विठोबाची तसबीर तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली. रोज सकाळी देव पुसताना ती तसबीरही पुसायची, पण पाठच. पुठ्ठ्याला पाणी लागून पोपडे आले. आईने एकदा भीत भीत तसबीर सरळ केली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा पाठ. मी विचारले तेव्हा म्हणाली, “बोलत नाही मी त्याच्याशी. पण घरातनं काढला नाही.” चार वर्षांनी एके सकाळी तसबीर सरळ दिसली. का, ते कोणी विचारले नाही. बहुधा विचारले असते तर पुन्हा फिरली असती.

म्हणून सरांना माझे उत्तर असे आहे. स्वतःशी मैत्री आणि देवाशी मैत्री यांतला फरक ओळखायची एक खूण आहे: समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो का, आणि त्याच्यावर रुसता येते का? या कसोटीवर आजच्या अनेक ओदिनभक्तांचे नाते लटके ठरेल, हे मान्य. त्यांचे काही लेखन मी वाचले. त्यातला देव सदा पाठ थोपटतो, तू बलवान आहेस, तू जसा आहेस तसाच छान आहेस म्हणतो. देव निवडायची रीतही कापडदुकानात पोत बघावा तशी. असल्या देवावर एगिल थुंकला असता. एगिलने ओदिन निवडलेला दिसत नाही, तो त्याच्या वाट्याला आला होता. अमेरिकेत प्राचीन इजिप्तच्या देवांना भजणारा एक पंथ आहे, तिथे तुमचा देव कोणता ते तुम्ही ठरवायचेच नाही, कौल लावून ठरते. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. नको तो देवही पदरी पडू शकतो.

पण त्या मंडळींना हा धोका कळत नाही असे समजू नये. एकट्याला आलेल्या अनुभवाला त्यांच्यात एक रोखठोक नाव आहे. मराठीत ‘पडताळा नसलेले स्वज्ञान’ म्हणता येईल. फ्रेयाला स्ट्रॉबेरी आवडते असे कोणी सांगितले, तर दुसरा विचारतो, हे कुठल्या गाथेत आहे की तुझे पडताळा नसलेले? ज्यांना आपल्या साक्षात्काराबद्दल असा शब्द घडवावासा वाटला, ते केवळ खेळत आहेत असे मला म्हणवत नाही. आपल्या गल्लोगल्लीच्या बाबांनी हा शब्द उसना आणला तरी चालेल.

त्यांच्यातले दुसरे भांडण अधिक गंभीर आहे. काही गट म्हणतात, हे देव फक्त उत्तर युरोपच्या रक्ताचे. मी थोरला हाक मारली तर, त्यांच्या मते, तो ऐकणार नाही. याविरुद्ध २०१६ मध्ये अनेक देशांतल्या संस्थांनी एकत्र जाहीरनामा काढून असल्या एका अमेरिकन गटाशी संबंध तोडले. चोखोबाला आयुष्यभर देवळाबाहेर ठेवणाऱ्या आणि १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केल्यावर कुठे सर्वांना दार उघडणाऱ्या पंढरपूरच्या आपण लोकांनी त्यांना हसू नये. मैत्री देवाशी असली तरी कुलूप पुजाऱ्याकडेच असते.

सरांचा मुख्य मुद्दा, म्हणजे मध्ये शेकडो वर्षांचा खंड, तो मला अजून अवघड वाटतो. आजीच्या अबोल्याला आधार होता. आजूबाजूच्या दहा बायकांना तो कळत होता, दिंडीतली तिची जागा चार वर्षे मोकळी ठेवली गेली होती. ओहायोतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ओदिनची मूर्ती भिंतीकडे फिरवली तर ते कोण पाहणार? थोरगेर्द कुठून यायची? तरीही त्या फ्लॅटमध्ये कुणाचे मूल गेले, आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी मीडचे शिंग भरले नाही, पण मूर्तीही बाहेर टाकली नाही, तर मी त्या नात्याला खोटे म्हणणार नाही, मग तो देव असो वा नसो.

माझ्यापुरते सांगायचे तर काका गेल्यावर मी विठोबाशी भांडलो नाही. तो आहे की नाही हेच मला तेव्हा ठरवता येत नव्हते, अजूनही येत नाही. आजी या कार्तिकीला निघाली तेव्हा म्हणाली, “तुझा काही निरोप?” मी नाही म्हणालो. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, “बरं. निरोप नाही, असं सांगते.”