स्लो कुकरमधला पोर्क रोस्ट : मऊपणा वेळेचा, पण भरवसा विजेचा

डिसेंबर लागला की सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या ख्रिस्ती घरांत नेवऱ्या-दोदोलच्या जोडीने पोर्कची तयारी सुरू होते. सोरपोतेल, विंदालू आणि रोस्ट. त्याच दिवसांत तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते आणि घरगुती खानावळी, होमस्टे चालवणाऱ्या बायकांना चुलीपासून हलायला फुरसत नसते. अशा घरांना स्लो कुकर म्हणजे वरदान वाटते. सकाळी मांस भरा, बटण फिरवा, संध्याकाळी काट्याने सुटणारा रोस्ट तयार. माझे मत असे आहे की हे यंत्र जरूर वापरावे. पण ‘लावा आणि विसरा’ हा त्याच्यासोबत येणारा सल्ला सिंधुदुर्गात जसाच्या तसा घेऊ नये. कारण यंत्र काय करते हे समजले नाही तर रोस्ट वातड होतो, आणि वीज कधी गेली हे कळले नाही तर तो खाण्यालायकही राहत नाही.

मांस मऊ होते म्हणजे नेमके काय होते?

मांसात दोन गोष्टी वेगवेगळ्या वागतात. एक म्हणजे स्नायूंचे तंतू आणि दुसरे म्हणजे त्या तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन. तंतू तापले की आकसतात आणि आतले पाणी बाहेर पिळून टाकतात. साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पुढे हे पिळणे जोरात होते. कोलॅजेनचे उलट आहे. ते चिवट असते, पण ओलसर उष्णतेत बराच वेळ राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायाचे सूप थंड झाल्यावर थरथरते, ते याच जिलेटिनमुळे. कोलॅजेन 60 ते 70 अंशांपासून सावकाश विरघळू लागते आणि तापमान वाढेल तसा त्याचा वेग वाढतो.

म्हणून रोस्ट अर्ध्या वाटेवर असतो तेव्हा सर्वांत वातड लागतो. तंतू आवळलेले असतात आणि कोलॅजेन अजून सुटलेले नसते. अनेक जण इथेच घाबरतात आणि ‘मांसच निबर निघाले’ म्हणून खाटकाला दोष देतात. खरे तर तेव्हा आणखी दोन तास थांबायचे असते. जिलेटिन सुटले की तेच तंतू एकमेकांपासून वेगळे होतात आणि तोंडात ओलावा जाणवतो.

मग प्रेशर कुकरने बिघडते काय?

मालवण समुद्रसपाटीला आहे. तिथे उघड्या टोपात पाणी 100 अंशांवर उकळते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तेच तापमान 120 अंशांच्या आसपास जाते. कोलॅजेन पटकन विरघळते, वेळ वाचतो. रोजच्या मटणासाठी हे ठीक आहे आणि कुकरला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र दीड किलोचा अखंड तुकडा कुकरात घातला की बाहेरचा थर आधी जास्त शिजतो, आतला मागे राहतो, आणि झाकण बंद असल्याने मध्ये बोट लावून पाहता येत नाही. दोन शिट्ट्या कमी पडल्या तर चिवट, दोन जास्त झाल्या तर सुताड. शिट्ट्या मोजून भात जमतो, अख्खा रोस्ट जमेलच असे नाही. मंद आचेला चूक माफ असते. सात तासांऐवजी आठ झाले तरी मोठे नुकसान होत नाही.

हे यंत्र आले कुठून?

अमेरिकेतील शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये अशा विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या लहानपणीची एक आठवण सांगितली होती. ज्यू धर्मात शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कडधान्य-मांसाचे भांडे बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवले जाई आणि दुसऱ्या दिवशी ते शिजून तयार असे. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय घेतला आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते यंत्र बाजारात आणले. घराबाहेर नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले. गंमत अशी की ज्या परंपरेत डुक्कर वर्ज्य, तिच्यातून निघालेले भांडे आज जगभर पोर्कसाठी वापरले जाते.

कोकणाला यातले काहीच परके नाही. रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आणि मंद आचेचे म्हणाल तर तवसळी वर-खाली निखारे ठेवूनच भाजली जायची. रात्रीच्या चुलीतल्या राखेत भांडे ठेवून देणे आपल्या आज्यांना शिकवावे लागले नाही. स्लो कुकर हे त्याच निखाऱ्याचे विजेवर चालणारे रूप आहे. फरक एकच. निखारा सोबत बसलेल्या माणसाच्या नजरेखाली असे, यंत्र रिकाम्या घरात चालते.

कोणता भाग घ्यावा आणि कसा शिजवावा?

पहिली चूक बाजारातच होते. ‘चरबी नको, नुसते लाल मांस द्या’ असे सांगून आपण पाठीचा सुका भाग आणतो. त्यात कोलॅजेन कमी, म्हणून आठ तासांनी तो मऊ न होता कोरडा होतो. मंद शिजवण्यासाठी खांद्याचा भाग मागावा. जनावराच्या ज्या भागाला जास्त हालचाल करावी लागते तिथे कोलॅजेन जास्त असते. सोबत चरबीचा थर राहू द्यावा. शिजल्यावर वर आलेले तेल काढून टाकता येते.

दीड किलोच्या तुकड्याला आदल्या रात्री चार-साडेचार चमचे मीठ, हळद, वाटलेले लसूण-आले, मिरी आणि थोडा माडाचा व्हिनेगर चोळून फ्रिजमध्ये ठेवावा. विंदालू हे नाव मुळात पोर्तुगीज भाषेतल्या वाइन आणि लसूण या शब्दांवरून आले आहे. आपल्या किनाऱ्यावर वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. कुकरचे आतले भांडे चिनी मातीचे असेल तर आंबटाची भीती नाही. ॲल्युमिनियमच्या टोपात मात्र व्हिनेगर किंवा सोले घालून तासन्‌तास ठेवू नये.

सकाळी तवा कडक तापवून तुकडा सगळ्या बाजूंनी तांबूस भाजून घ्यावा. ही पायरी गाळू नये. भाजल्याचा खमंगपणा 140 अंशांच्या पुढे येतो आणि स्लो कुकर उकळीच्या वर जातच नाही. मग कुकरच्या तळाशी बटाटे आणि कांद्याच्या फोडी, वर मांस. अशा भांड्यात कंद मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून ते खाली, उष्णतेजवळ. पाणी अर्धा कपच घालावे. वाफ बाहेर जात नाही आणि मांसाचे स्वतःचे पाणी सुटते. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पहिला एक तास ‘हाय’वर, नंतर साधारण सहा ते सात तास ‘लो’वर. झाकण सारखे उघडू नये. दर वेळी गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो.

काटा घालून फिरवल्यावर तंतू सहज सुटले की झाले. थर्मामीटर असेल तर आतले तापमान 90 ते 95 अंश दिसेल. नारळाचा रस आणि सोले शेवटी घालावीत. नारळाचा रस जास्त वेळ तापला की फुटतो. मालवणी मसालाही निम्मा सुरुवातीला आणि निम्मा शेवटी घालावा, कारण आठ तासांत त्याचा वास उडून जातो. उरलेला रस्सा गॅसवर आटवून मांसावर ओतावा.

वीज गेली तर?

सिंधुदुर्गात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावरची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तो टोकाचा प्रसंग झाला. पण वाऱ्याने झाड तारेवर पडून तास-दोन तास वीज जाणे इथे कोणाला नवीन नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. शिजवलेले अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली गार असावे आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. मधल्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. अर्धवट शिजलेल्या मांसाचे कोमट, बंद भांडे त्यांना फार सोयीचे.

‘एक सणसणीत उकळी काढली की झाले’ हा आपला जुना विश्वास इथे पुरत नाही. उकळीने जीवाणू मरतात; पण स्टॅफिलोकॉकससारखे काही जीवाणू अन्नात जे विष सोडून ठेवतात ते उकळूनही जात नाही. मांस चवीला आणि वासाला चांगले असते, तरीही रात्री घरभर उलट्या सुरू होतात.

त्यामुळे नियम असे ठेवावेत. घरात असताना वीज गेली तर वाट न पाहता मांस टोपात काढून गॅसवर शिजवून पूर्ण करावे. रोस्ट आधीच शिजलेला असेल तर दोन तासांच्या आत खावा किंवा पुन्हा तापवावा. आपण बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती हे सांगता येत नसेल तर ते मांस टाकून द्यावे. शेकडो रुपयांचे मांस टाकताना जीव तुटतो, हे खरे आहे. पण होमस्टेच्या दहा पाहुण्यांना दवाखान्यात नेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. बटणाच्या साध्या कुकरांत आणखी एक फसवणूक असते. वीज परत आली की ते आपोआप चालू होतात, आणि संध्याकाळी मधल्या तीन तासांचा पत्ताही लागत नाही. म्हणून ज्या दिवशी घरात कोणी तरी असेल त्याच दिवशी कुकर लावावा. इन्व्हर्टरला हा भार सहसा झेपतो, पण बॅटरी किती तास पुरेल ते आधी पाहावे. आणि फ्रीजरमधला गोठलेला तुकडा थेट कुकरात कधीही घालू नये. तो सुरक्षित तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावा.

डुकराच्या मांसातील अळीचे काय?

पोर्क म्हटले की ‘मेंदूत किडे होतात’ हे वाक्य ठरलेले. त्यात अर्धे सत्य आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात जाऊ शकतो. मेंदूचा आजार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, हातांतून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून. म्हणून कधीही पोर्क न खाल्लेल्या माणसालाही तो आजार होऊ शकतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार पोर्कच्या अखंड तुकड्याला आतून 63 अंश आणि तीन मिनिटांची विश्रांती पुरते, तर खिम्याला 71 अंश लागतात. मंद शिजलेला रोस्ट याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. खरी काळजी खरेदीच्या वेळी घ्यावी. उकिरड्यावर मोकाट फिरलेल्या नव्हे, गोठ्यात खाद्य देऊन वाढवलेल्या डुकराचे मांस घ्यावे, आणि कच्चे मांस कापलेली सुरी-पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये.

परवडते का? यंत्र नसेल तर?

साधारण 200 वॉटचा कुकर आठ तास चालला तर हिशेबाने 1.6 युनिट वीज लागते. आपल्या कुकरचा आकडा त्याच्या तळाच्या पट्टीवर असतो. गॅसवर आठ तास उभे राहण्याच्या मानाने हे काहीच नाही. त्यातही बाईचा सकाळचा वेळ मोकळा होतो, त्याचा हिशेब वीजबिलात येत नाही. माझ्या मते यंत्राचे खरे मोल तेच आहे.

तरीही वर्षातून दोनदा रोस्ट करणाऱ्या घराने हजारो रुपये घालण्याची गरज नाही. जाड बुडाचा टोप, घट्ट झाकण, खाली तवा आणि सर्वांत बारीक आच एवढ्यावर तीन-साडेतीन तासांत तोच परिणाम मिळतो. मध्ये दोनदा तुकडा उलटावा आणि पाणी पाहावे. परसात चूल असेल तर निखारे आहेतच.

या नाताळात ज्यांच्या घरी नवा कुकर येणार आहे त्यांनी पहिला प्रयोग पाहुण्यांवर करू नये. आधी एका रविवारी, सगळे घरात असताना, एक किलोचा तुकडा लावून पाहावा. आपल्या कुकरला किती तास लागतात आणि आपल्या वाडीत वीज किती टिकते, हे दोन्ही त्या दिवशी कळेल.