‘गॅस झालाय’ म्हणण्याआधी नाडी तरी मोजा!

"वजन कमी करा, गॅस होणार नाही." पोट धरून आलेल्या १३० किलोच्या माणसाला एवढं ऐकवून, अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवणं, याला मी निदान म्हणत नाही. हा पूर्वग्रह आहे.

अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला की सडपातळ माणसाचं पोट लाकडासारखं कडक होतं. अतिस्थूल रुग्णात चरबीच्या जाड थराखाली हा कडकपणा हाताला लागत नाही. पोट मऊ लागलं म्हणून आत सगळं ठीक, असं नसतं. कधीकधी १२० च्या वर गेलेली नाडी, ताप आणि धाप एवढाच पुरावा असतो. त्यातली धापही वजनाच्याच खात्यावर टाकली जाते!

सोनोग्राफीच्या लहरी चरबीतून खोलवर नीट पोचत नाहीत. रिपोर्टमधल्या ‘अपेंडिक्स दिसले नाही’ याचा अर्थ ‘सूज नाही’ असा होत नाही. अशा वेळी बहुधा सीटी स्कॅन लागतो. मात्र त्या टेबलाला वजनाची मर्यादा असते, ती निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

दुखणं वाढतंय, नाडी पळतेय, तर घरी जाऊ नका. सर्जनला दाखवायचंय म्हणून स्पष्ट सांगा. वजनाचं नंतर बघता येईल.