मोकळी दिसणारी पुळण

परवा नातवाने ड्रोनने काढलेली विजयदुर्गाची चित्रफीत मोबाईलवर दाखवली. किल्ला, वाघोटन खाडी, पुळण... सगळं एका नजरेत! "आजोबा, केवढी जागा मोकळी पडलीय!" तो म्हणाला, आणि मी चपापलो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात आपला विजयदुर्गही आहे. आता किनाऱ्यासाठी आराखडे येणार. येऊ देत, माझा विरोध नाही. पण आपल्याकडे मोकळ्या पुळणीवर रापण ओढतात, जाळी सुकवतात, पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी झाकतात. जानेवारीत उडवलेल्या ड्रोनला हे कसं दिसणार?

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या बंदरासारख्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. ३० दिवस आधी सूचना द्यायची आणि शेवटी लोकांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत वाचून दाखवायचं. चांगला नियम आहे! पण अहवालाचा सारांश तेवढा मराठीत देण्याचं बंधन आहे. किनाऱ्याच्या छोट्या सुशोभीकरणाला तर ही सुनावणीही लागत नाही.

मला वाटतं, लोकांना चित्र पूर्ण झाल्यावर विचारू नये. कोरा नकाशा मोठा छापून शाळेच्या पडवीत अंथरावा. रापणकारांच्या, मासे विकणाऱ्या बायकांच्या हाती रंगीत पेन्सिली द्याव्यात. कुठली जागा कुठल्या महिन्यात कशाला लागते ते त्यांनी दाखवावं. ड्रोन त्यानंतर उडवावा.

असो. तुमच्या गावात कुणी असं आधी विचारलंय का?