गॅलरीतली वळकटी

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पेणहून पोह्यांची पिशवी आली, की आमच्या घरी सण सुरू झाला असे समजायचे. पिशवी पाठवतात ते अण्णा, म्हणजे माझे थोरले आतेभाऊ. यंदा पिशवीच्या आधी त्यांचा फोन आला. नातीला ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणाले. मी अभिनंदन केले. मग अण्णा जरा वेळ गप्पच राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला होता. आम्ही राहतो ठाण्याला. इथून गाडीत बसले आणि दिघा गेले की ऐरोलीच. आणि खरे सांगतो, वाचकहो, मी तो अर्थ कळला नाही असे दाखवून हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

रात्री झोप आली नाही. आतोबा आठवले.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, अण्णांचे वडील. पेणजवळच्या खारेपाटात त्यांची थोडी भातजमीन. उधाणात बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि वर्षाचे पीक जाई. असाच एकदा बांध फुटला आणि आतोबा धरमतरला बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरले. काखेत वळकटी, खिशात आमच्या वडिलांचा गिरगावचा पत्ता. परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. आमची चाळीतली खोली दीड, माणसे सात. आतोबांची वळकटी गॅलरीत पसरली ती अकरा वर्षे. त्याचे भाडे कोणी मागितले नाही, दिलेही नाही. महिन्याच्या महिन्याला पेणला मनिऑर्डर जाई आणि तिच्यावर अण्णा मॅट्रिक झाले.

रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण आपण सगळेच मुलांना देतो. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री; आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून त्या पदाचा राजीनामा. अशा बुद्धीपुढे हात जोडावेत. पण त्यांचे वडील वकील होते, हे सांगायला आपण विसरतो. आतोबांना जेमतेम सही येत होती. त्यांच्या घराण्याची पहिली पायरी म्हणजे आमची गॅलरी.

दुसरी पायरी अण्णांची. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, आणि अण्णांना मुंबई गाठावीच लागली नाही. पेणहून एसटीने रोहा, तिथून धाटाव. पाळीची नोकरी, नाकात सदा वास. पण नोकरी कायमची. फंड, बोनस, आजारपणाची रजा. त्यावर कौलारू घराचे पक्के घर झाले आणि मुलाने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. १९८६ साली रेल्वे आपट्याहून रोह्यापर्यंत आली तेव्हा अण्णा पेढे घेऊन ठाण्याला आले होते. "आता आपण मुंबईच्या पंक्तीला बसलो," असे म्हणाले.

गंमत अशी, की पंक्तीला बसल्यावर वाढप आखडले. मुलगा बापापेक्षा जास्त शिकला. नोकरी मात्र मिळाली ती कंत्राटदाराकडची. बारा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले. हा तिथेच, आणि दर वेळी नवा. बाप मॅट्रिक आणि कायम, मुलगा डिप्लोमावाला आणि कंत्राटी! सून गणपतीच्या हंगामात हमरापूरच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जाते, म्हणून वर्षाचे गणित जमते. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या खांद्यावर उभी राहते असे आपण भाषणात ऐकतो. इथे मुलाचे घर अजून बापाच्या फंडावर टेकलेले आहे.

आणि ती खारेपाटातली जमीन? ती आहे. २००८ च्या सप्टेंबरात, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत मत घेतले गेले. अण्णा रांगेत उभे राहून 'नाही' म्हणून आले. तो प्रकल्प काही उभा राहिला नाही. पुढे २०१९ साली महानगर प्रदेशाची हद्द वाढली आणि सगळा पेण तालुका तीत आला. आता अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आणि दलाल अण्णांच्या ओटीवर चहाला येऊ लागले. हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते. आता जमिनीनेही त्याच वाटेने जावे असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी मीच अण्णांना फोन केला. मुलाचे म्हणणे जमीन विकून पनवेलला ब्लॉक घ्यावा. अण्णांची छाती होत नव्हती. नात म्हणाली होती, "आजोबा, विकू नका. पगार अठ्ठावीस हजार आहे. खोली घेतली तर दहा त्यातच जातील, आणि पेणहून रोज जाऊन-येऊन करायचे तर दिवसच उरत नाही. दोन वर्षे कुठे टेकायला मिळाले, तर पुढचे मी बघते."

टेकायला! आतोबांनी तरी दुसरे काय मागितले होते?

मी फोनवर हात ठेवून सौभाग्यवतींकडे पाहिले. म्हटले, आपली जागा दोन खोल्यांची, आपली वये झालेली, मुलीची जात, जबाबदारी... त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. "गॅलरीला काचा लावून घेतल्यात ना तुम्ही गेल्या वर्षी? मग पाऊसही येत नाही," म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातून घेतला.

भाऊबीज झाली की ती येणार आहे. पोह्यांची पिशवी यंदा तिच्याच हाती येईल. वळकटी आणू नकोस, गादी आहे, असे आम्ही कळवले आहे.