आजीच्या डब्यातली नाणी

गेल्या दिवाळीत आजीची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एक पितळी डबा निघाला. काकांनी तो चटईवर पालथा केला. पांढरी नाणी एका बाजूला, तांबडी-पिवळी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी दोन मिनिटांत झाली आणि निकालही लागला : पांढरी सराफाकडे, उरलेली मुलांना खेळायला. मी इतिहासाची विद्यार्थिनी, पण मला कुणी विचारले नाही. मीच तोंड घातले. तेव्हा जे धड बोलता आले नाही ते येथे मांडते.

मित्रहो, पांढरे तेवढे चांदीचे नव्हे. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. लोहचुंबकाला तो चिकटतो, चांदी चिकटत नाही. आमच्या ढिगात असे चार निघाले आणि काकांचा चेहरा उतरला. बरे, चांदी तरी सगळी सारखी कुठे? व्हिक्टोरिया राणीचा, सातव्या एडवर्डचा, पाचव्या जॉर्जचा रुपया तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ च्या रुपयांत, ती निम्म्यावर आली. वजन मात्र तेच राहिले. तेव्हा सराफ दोन्ही एकाच तागडीत घालू लागला तर नाणी उचलून सरळ घरी यावे.

येथवर काका माझ्यावर रागावले असतील, पण एका बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे. जुने म्हणजे दुर्मिळ, ही समजूत खोटी आहे. १९१८ चे रुपये कोट्यवधींनी पाडले होते. अशांपैकी दोन-तीन ठेवून बाकीचे मोडायला माझी हरकत नव्हती. माडीचे छप्पर गळत होते, आणि आजी असती तर तिने स्वतःच ते मोडले असते. फक्त मोडण्यापूर्वी सन वाचावा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेऊन वितळवली. तो सापडला तर थांबावे. आम्हांला सापडला नाही.

माझा खरा वाद तांबड्या ढिगासाठी होता. त्यात एक शिवराई होती. शिवराया महाराजांनंतरही कितीतरी वर्षे पाडल्या गेल्या, त्यामुळे ती त्यांच्याच काळातली असे मी म्हणत नाही. पण ती आमच्या घरात कुणाच्या तरी कमरेच्या कशातून आली आहे. मी ती चिंचेने नि राखेने घासली. लखलखीत झाली, आणि आधी वाचता येणारे अक्षर पुसट झाले. नाणे घासू नये, हे मला नंतर कळले. ते पाप माझे.

काठाला कंगोरे असलेला एक आणाही होता, चांदीचा अंशही नसलेला. त्यावर चार लिप्यांत 'एक आणा' लिहिले आहे. तो मी वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला दाखवला. एक ओळ पाहून ती हरखली, आणि लगेच म्हणाली, "अगं, हे तर तेलुगू! आमचे कुठे आहे?" चार ओळींत कन्नड नाहीच. मोडीत कवडीही न देणाऱ्या त्या नाण्यावर आम्ही दोघी तासभर बोलत होतो. चांदीच्या एकाही रुपयाने आम्हांला इतके बोलते केले नाही.

राहिला कडी लावलेला रुपया. बाबांच्या बारशाला आजीने तो त्यांच्या गळ्यात बांधला होता, असे आई सांगते. डाग दिल्यामुळे संग्राहक त्याला हात लावणार नाही; सराफ घेईल तो वितळवायलाच. तो मी मुठीत धरून बसले. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ठेव तो तुझ्याकडे."

छप्पर वैशाखात शाकारले. भोकाचे पाच पैसे मात्र मुलांनी आधीच गोट्यांच्या पिशवीत पळवले होते. त्यातले तीन परत मिळाले आहेत.